न्यायमूर्ती गेनर : न्यायासनावरून नगरभवनात

न्यायाधीशाने राजकारणात पडावे की पडू नये, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून निघतो. १९६७ साली सरन्यायाधीश सुब्बाराव यांनी पदाचा राजीनामा देऊन राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली, तेव्हा तो मोठ्या जोराने निघाला होता. अशा वेळी बहुधा एकाच अंगाने चर्चा होते. न्यायासनाची शान राहिली की गेली, पूर्वी दिलेल्या निकालांवर संशयाची छाया पडते की नाही, एवढेच लोक विचारतात. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. पण त्यांच्या शेजारी आणखी एक प्रश्न उभा आहे आणि त्याकडे सहसा कोणी वळत नाही. वर्षानुवर्षे न्यायासनावर बसून माणसाच्या बुद्धीला जी सवय लागते, ती राज्यकारभारात कितपत उपयोगी पडते, आणि कोठे तीच सवय पायात येते?

या प्रश्नाचा विचार आम्ही एका परक्या माणसाच्या चरित्रावरून करणार आहोत. आपल्या ओळखीच्या नावांभोवती आपले पक्ष आणि आपले राग-लोभ गोळा झालेले असतात. विल्यम जे गेनर या न्यूयॉर्कच्या न्यायमूर्तींविषयी आपल्यापैकी कोणाचाच पूर्वग्रह असण्याचे कारण नाही. हे गृहस्थ सोळा वर्षे न्यायाधीश होते आणि पुढे पावणेचार वर्षे त्या अवाढव्य शहराचे महापौर. त्यांना जे यश मिळाले आणि जे अपयश आले, त्या दोहोंचे मूळ एकच होते, असे आमचे मत आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. गेनर हे न्यूयॉर्क राज्याच्या 'सुप्रीम कोर्टा'चे न्यायाधीश होते. हे नाव ऐकून ते राज्यातील सर्वांत वरचे न्यायालय असावे अशी आपली समजूत होईल. पण न्यूयॉर्कमध्ये प्रकार उलटा आहे. तेथे मोठे दिवाणी आणि फौजदारी दावे प्रथम चालतात ते सुप्रीम कोर्टात. त्याच न्यायालयाची एक शाखा अपिले ऐकते, आणि अखेरचा शब्द ऑल्बनी येथील 'कोर्ट ऑफ अपील्स'चा असतो. दुसरी गोष्ट आपल्याला अधिक नवलाची वाटेल. या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सरकार नेमत नाही, त्यांना मतदार निवडून देतात. मुदत चौदा वर्षांची असते आणि उमेदवारी पक्षांकडून मिळते. म्हणजे तेथील न्यायाधीश राजकारणात 'पडतो' असे म्हणणे पुरते बरोबर नाही. तो एका दाराने राजकारणातूनच आलेला असतो. न्यायासनावर असताना ते दार त्याने किती घट्ट लावून घेतले, एवढाच काय तो प्रश्न.

गेनर यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क राज्याच्या ओनायडा परगण्यातील एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तरुणपणी ते एका कॅथलिक शिक्षकसंघात दाखल झाले होते, परंतु आजन्म व्रत घेण्यापूर्वीच तेथून बाहेर पडले. पुढे युटिका येथे वकिलांच्या हाताखाली कायदा शिकून १८७१ साली त्यांनी सनद मिळविली आणि दोन वर्षांनी ब्रुकलिनला आले. ब्रुकलिन त्या वेळी स्वतंत्र शहर होते. न्यूयॉर्कमध्ये ते सामील झाले १८९८ साली. सुरुवातीस गेनर यांनी वृत्तपत्रांत बातमीदारी करून पोट भरले, नंतर वकिलीत जम बसविला. काही वजनदार मंडळींनी एक पाणीपुरवठा कंपनी स्वस्तात ताब्यात घेऊन ती कैक पट किमतीला शहराच्या गळ्यात बांधण्याचा घाट घातला होता. करदात्याच्या वतीने गेनर न्यायालयात गेले आणि तो व्यवहार त्यांनी हाणून पाडला. तेव्हापासून शहरात त्यांचे नाव झाले.

१८९३ साली ते न्यायाधीशपदासाठी उभे राहिले, आणि त्या निवडणुकीतच एक विलक्षण प्रकरण घडले. ब्रुकलिनच्या दक्षिणेस, समुद्रकाठच्या कोनी आयलंडसह ग्रेव्हझेंड नावाचे गाव होते. तेथे जॉन मॅकेन नावाचा पुढारी राज्य करी. गावचा कारभारी तोच, पोलिसांचा प्रमुख तोच आणि रविवारी मुलांना धर्मपाठ देणाऱ्या शाळेचा चालकही तोच! त्या वर्षी गावच्या मतदार यादीत इतकी नावे चढली की, एकंदर वस्ती ध्यानात घेता बायकामुलांनाही मताधिकार असल्याखेरीज ते गणित जुळणारे नव्हते. गेनर यांनी यादीची नक्कल मागितली, ती नाकारण्यात आली. मतदानाच्या दिवशी सकाळी त्यांचे प्रतिनिधी न्यायालयाचा मनाईहुकूम घेऊन गावात पोहोचले. मनाईहुकूम इथे चालत नाहीत, असे मॅकेनने त्यांना बजावले. मग त्यांना मारहाण झाली आणि वर अटकही झाली. गेनर निवडून आले ते आलेच, पण प्रकरण तेथे थांबले नाही. पुढल्याच वर्षी मॅकेनला सहा वर्षांची सजा होऊन त्याची रवानगी सिंगसिंगच्या तुरुंगात झाली.

या गोष्टीत गेनर यांच्या साऱ्या पुढच्या आयुष्याचे सूत्र आहे. अधिकारी कितीही मोठा असो, त्याला 'कोणत्या कायद्याने?' हा एक प्रश्न विचारायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहायचे. न्यायासनावर बसल्यावर हा प्रश्न त्यांनी विशेषेकरून पोलिसांना विचारला. वॉरंटाशिवाय घरात शिरणे, क्षुल्लक कारणावरून पकडून रात्रभर कोठडीत ठेवणे, रस्त्यात सोट्याने बडविणे, हे प्रकार न्यूयॉर्कमध्ये नित्याचे झाले होते. चांगल्या हेतूने केलेली बेकायदा गोष्टही बेकायदाच होय, असे त्यांचे म्हणणे असे. १९०३ साली तर त्यांनी एका प्रसिद्ध मासिकात पोलिसांच्या बेकायदा वर्तनावर उघड लेख लिहिला. स्वभावाने ते तापट होते. वकिलांची लांबण त्यांना खपत नसे आणि कामे झपाट्याने उरकीत. १९०५ पासून ते अपील शाखेवर बसू लागले.

मग डफी नावाच्या एका पोराचे प्रकरण आले. ब्रुकलिनमध्ये दूध घालणारा हा एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याला पोलिसांनी संशयावरून पकडले आणि त्याचे छायाचित्र व अंगाची मोजमापे अट्टल गुन्हेगारांच्या दप्तरात लावून टाकली. गुन्हा शाबीत झाला नाही, मुलगा सुटला, पण छायाचित्र तसेच राहिले. त्या छायाचित्रामुळे तो पुन्हा पुन्हा संशयित ठरू लागला. बापाने गेनर यांच्याकडे धाव घेतली. गेनर यांनी पोलीस आयुक्त बिंगहॅम यांना छायाचित्र काढण्यास लिहिले, बिंगहॅम यांनी नकार दिला. तेव्हा या न्यायमूर्तींनी महापौर मॅक्लेलन यांना उघड पत्रे लिहिली आणि ती वृत्तपत्रांतून गाजली. अखेर १९०९ च्या उन्हाळ्यात महापौरांनी आयुक्तांना बडतर्फ केले. एका गवळ्याच्या पोराच्या तसबिरीवरून एवढ्या मोठ्या शहराचा पोलीसप्रमुख घरी गेला!

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. डफीचा दावा गेनर यांच्यापुढे चाललेला नव्हता. त्यांनी जे केले ते न्यायाधीश म्हणून नव्हे, नागरिक म्हणून केले. परंतु त्यांच्या पत्राला वजन आले ते न्यायाधीशपदामुळेच. हे योग्य झाले काय? न्यायाधीशाने आपल्यापुढे येईल तेवढेच पाहावे, असे मानणारे त्यांना दोष देतील. आमच्या मते, दोष द्यावयाचा तर आधी त्या कारभाराला दिला पाहिजे, ज्यात निर्दोष मुलाला न्यायमूर्तींच्या दारी जाण्यावाचून दुसरा मार्गच उरला नव्हता. मात्र ही गोष्ट खरी की, त्या दिवशी गेनर यांनी मघाशी सांगितलेले दार उघडले आणि पुन्हा ते लावता आले नाही.

त्याच वर्षी शरदऋतूत महापौरपदाची निवडणूक होती. न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणा 'टॅमनी हॉल' या नावाने ओळखली जाई. नोकऱ्या वाटून मते बांधून ठेवण्याचा धंदा तिने पिढ्यान्‌पिढ्या चालविला होता. तिचा मुख्य चार्ल्स मर्फी. लोकांच्या मनातून उतरलेल्या यंत्रणेला स्वच्छ चेहरा हवा होता, म्हणून मर्फीने गेनर यांना उमेदवारी दिली. पोलिसी जुलमाविरुद्ध लढणाऱ्याने टॅमनीचे तिकीट घ्यावे याचे अनेकांना दुःख झाले. वृत्तपत्रसम्राट हर्स्ट तर स्वतःच त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. गेनर यांना सुमारे अडीच लाख मते पडली, रिपब्लिकन व सुधारकांचे उमेदवार बॅनर्ड यांना सुमारे पावणेदोन लाख आणि हर्स्टला दीड लाखाच्या वर. गंमत अशी की, शहराच्या तिजोरीवर ताबा ठेवणाऱ्या मंडळाच्या बहुतेक जागा मात्र टॅमनीच्या विरोधकांनी पटकाविल्या. मतदारांनी न्यायमूर्ती घेतले आणि त्यांच्यामागची टोळी बाहेर ठेवली.

१ जानेवारी १९१० रोजी हे नवे महापौर ब्रुकलिनमधील आपल्या घरून निघाले आणि पूल ओलांडून पायी चालत नगरभवनात कामावर हजर झाले. रोज असेच चालत जाणे हा पुढे त्यांचा परिपाठ झाला. मर्फीला काय देणार, असे कोणी विचारले, तेव्हा चार गोड शब्द देऊ, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. नेमणुका त्यांनी गुणांच्या यादीवरून केल्या आणि बिनकामाच्या जागा छाटल्या. पोलिसांना ताकीद मिळाली की सोटा उगारायचा नाही, रस्त्यात खेळणाऱ्या पोरांना पकडायचे नाही, वॉरंटाशिवाय घरात पाऊल टाकायचे नाही. सोटा उगारणाऱ्यांवर चौकशा बसल्या. कोणाही सामान्य माणसाने पत्र लिहावे आणि महापौरांनी त्याला स्वतः, कधी प्रेमाने तर कधी खरमरीत, उत्तर द्यावे, असा क्रम सुरू झाला. त्यांची ती उत्तरे लोक वर्तमानपत्रांतून चवीने वाचीत.

पहिल्याच वर्षी घात झाला. ९ ऑगस्ट १९१० रोजी युरोपच्या प्रवासासाठी ते होबोकेनच्या धक्क्यावर बोटीत चढले होते. गॅलाघर नावाच्या, गोदी खात्यातून काढून टाकलेल्या एका नोकराने जवळ येऊन त्यांच्या मानेत गोळी घातली. एका वृत्तपत्राचा छायाचित्रकार नेमका त्याच क्षणी चित्र घेत होता. रक्ताळलेल्या, डोळे विस्फारलेल्या महापौरांचे ते छायाचित्र पुढे जगभर गेले. गोळी काढणे धोक्याचे म्हणून ती घशातच राहिली. गेनर जगले, कामावर परतले, पण आवाज कायमचा घोगरा झाला, खोकला जडला, आणि मूळचा तापट स्वभाव अधिकच तिखट झाला.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. जुगाराचे अड्डे आणि तत्सम धंदे यांच्याकडून न्यूयॉर्कचे पोलीस हफ्ता घेत, हे गेनर यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी विचार केला की, हजारो शिपायांच्या हाती हा अधिकार आहे म्हणून हफ्त्याला वाव मिळतो. तो त्यांच्या हातून काढून मुख्य कचेरीच्या ताब्यातील मोजक्या पथकांकडे दिला, की सामान्य शिपाई मोहापासून दूर राहील. कागदावर ही योजना निर्दोष होती. परंतु त्यांपैकी एका पथकाचा प्रमुख होता लेफ्टनंट चार्ल्स बेकर. पूर्वी जो हफ्ता शंभर ठिकाणी फुटत होता, तो आता एका हाती गोळा होऊ लागल्याचा बोभाटा झाला.

जुलै १९१२ मध्ये रोझेंथल नावाच्या एका जुगारवाल्याने प्रतिज्ञापत्र करून वृत्तपत्रात जाहीर केले की, बेकर हा आपल्या अड्ड्यात भागीदार होता. लगेच १६ जुलैच्या पहाटे एका हॉटेलच्या दारात त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. शहर हादरले. अशा वेळी महापौरांनी काय करावे अशी लोकांची अपेक्षा असणार? संतापाने उठावे, खात्याची झाडाझडती घ्यावी. गेनर यांनी तसे केले नाही. मेलेला माणूस कोण होता, त्याच्यासारख्या जुगाऱ्यांच्या शब्दावर साऱ्या पोलीस दलाला दोषी कसे ठरविता येईल, असा सवाल त्यांनी केला आणि आपल्या आयुक्तांना पाठीशी घातले. तपासाचा पुढाकार सरकारी वकील व्हिटमन यांनी घेतला. नगरसभेच्या एका समितीने पोलीस खात्याची चौकशी आरंभिली आणि महापौर तिच्याशी भांडत राहिले. जो माणूस पंधरा वर्षे पोलिसांचा सर्वांत कडक टीकाकार होता, तो लोकांच्या नजरेत पोलिसांचा कैवारी ठरला.

हे कसे झाले? गेनर विकले गेले असे त्यांचे शत्रूही म्हणाले नसते. आम्हांस असे वाटते की, ते मुळीच बदलले नव्हते. डफीच्या प्रकरणात त्यांनी जे तत्त्व लावले, तेच येथे लावले. शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष, आणि बदलौकिक म्हणजे पुरावा नव्हे. डफीच्या वेळी हे तत्त्व दुबळ्याचे रक्षण करीत होते, बेकरच्या वेळी ते सत्ताधाऱ्याच्या आड आले. न्यायाधीशापुढे पुरावा चालत येतो. दोन्ही बाजूंचे वकील तो आणतात, एकमेकांचा तपासतात, आणि न्यायाधीशाने शांतपणे बसून तोलायचे असते. आपण होऊन बाहेर जाऊन शोध घेणे हा न्यायाधीशाचा गुण नव्हे, दोष आहे. महापौराची गोष्ट याच्या नेमकी उलटी. त्याच्यापुढे पुरावा चालत येत नाही, कारण तो आणू शकणारे लोक त्याचेच हाताखालचे असतात आणि लपविण्यात त्यांचाच फायदा असतो. त्याला उठून पुराव्याकडे जावे लागते. 'माझ्यापुढे काही शाबीत झालेले नाही' हे वाक्य न्यायासनावर शोभते. तेच नगरभवनात उच्चारले, की लोक विचारतात, मग तुम्ही पाहिले का नाही?

तरीही घाईने निकाल देऊ नये. बेकरला पहिल्या खटल्यात झालेली शिक्षा १९१४ साली राज्याच्या वरिष्ठतम न्यायालयाने रद्द केली, कारण खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता. दुसऱ्या खटल्यात तो पुन्हा दोषी ठरला आणि ३० जुलै १९१५ रोजी सिंगसिंगमध्ये त्याला विजेच्या खुर्चीवर देहान्त देण्यात आला. त्या वेळी राज्याचे गव्हर्नर होते तेच व्हिटमन! बेकरने खून खरोखर करविला काय, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणजे जुगाऱ्यांच्या साक्षीविषयी गेनर यांनी घेतलेली शंका निराधार नव्हती. कायदा म्हणून ते चुकले नाहीत. पण बेकरने खून केला की नाही, आणि त्याच्या पथकात हफ्तेबाजी चालू होती की नाही, हे दोन वेगळे प्रश्न होते. पहिल्याचे उत्तर न्यायालयाने द्यायचे होते, दुसऱ्याचे महापौरांनी. पहिल्याविषयी शंका आहे म्हणून दुसरा सोडून देणे, ही त्यांची चूक झाली.

न्यायाधीशाची तीच सवय जेथे कामी आली, असे एक उदाहरण दिले नाही तर अन्याय होईल. भुयारी आगगाडीचा विस्तार कोणी व कसा करावा, यावर शहरात वर्षानुवर्षे रण माजले होते. खाजगी कंपन्यांशी करार म्हणजे लूट, असे हर्स्टची पत्रे रोज ओरडत. गेनर यांनी दोन्ही बाजूंचे ऐकले, निर्णय केला, आणि शिव्यांना न भिता त्यावर ठाम राहिले. मार्च १९१३ मध्ये शहर आणि दोन कंपन्या यांच्यात करार झाले आणि त्यांतून तेथील भुयारी व उन्नत लोहमार्ग दुपटीहून अधिक वाढले. जेथे बाजू उघड मांडल्या जातात तेथे तोलणारा माणूस हवा असतो, आणि तो त्यांच्यात पुरेपूर होता.

१९१३ च्या निवडणुकीत टॅमनीने अर्थातच त्यांना उमेदवारी नाकारली, सुधारकांनीही दुसरा उमेदवार निवडला. तेव्हा काही नागरिकांनी त्यांना अपक्ष म्हणून उभे केले. फावडे हे त्यांचे चिन्ह होते. सप्टेंबरच्या आरंभी नगरभवनाच्या पायऱ्यांवर त्यांनी ही उमेदवारी स्वीकारली आणि दुसऱ्याच दिवशी विश्रांतीसाठी 'बाल्टिक' बोटीने युरोपला निघाले. मुलगा सोबत होता. १० सप्टेंबर रोजी बोटीच्या डेकवर खुर्चीत बसल्या जागीच त्यांचे प्राण गेले. गोळी अखेरपर्यंत घशात होती. त्यांचा देह 'लुसिटानिया' बोटीने परत आणून ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीत पुरण्यात आला. अंत्यदर्शनाला लोटलेल्या गर्दीत ज्यांची पत्रे त्यांनी वाचली होती असे सामान्य लोकच अधिक असावेत, असे म्हणण्याचा मोह होतो.

ज्या १८९३ साली गेनर ब्रुकलिनमध्ये न्यायाधीश म्हणून निवडून आले, त्याच साली आपल्याकडे महादेव गोविंद रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पुण्यात वसंत ऋतूतील व्याख्यानांची प्रथा घालून देणारे ते हेच रानडे. त्यांनी न्यायासन सोडले नाही. परकी सरकारची नोकरी सांभाळूनच त्यांनी सभा, संस्था, व्याख्याने यांच्या द्वारे लोकांची बुद्धी जागी करण्याचे काम केले. सत्ता हाती घेण्याचा मार्ग त्यांना खुला नव्हता. गेनर यांना तो होता आणि त्यांनी तो धरला. दोघांची तुलना करून एकाला लहान ठरविण्याचा आमचा हेतू नाही.

आमचे म्हणणे एवढेच की, उद्या एखादे निवृत्त न्यायमूर्ती आपल्यापुढे मते मागण्यास आले, तर त्यांच्या निःस्पृहपणाची चौकशी करून थांबू नये. निःस्पृहता त्यांच्याजवळ बहुधा असतेच. त्यांना विचारावे की, तुमच्यापुढे कोणी तक्रार घेऊन आले नाही, सारे कागद नीट जुळलेले आहेत, हाताखालचा प्रत्येक माणूस सर्व ठीक आहे म्हणून सांगतो आहे, अशा दिवशी तुम्ही काय कराल? गेनर यांना हा प्रश्न १९०९ साली कोणी विचारला नाही. विचारला असता, तर डफीचे छायाचित्र शोधून काढणाऱ्या त्या माणसाला कदाचित बेकरचे पथकही वेळेवर दिसले असते.